शिकाऱ्याच्या हाकेला रानटर्की ‘ओ’ का देतो?

आपल्याकडच्या जुन्या शिकारकथांमध्ये ‘हाका’ असतो. डबे-ढोल बडवत, आरडाओरडा करत माणसांची रांग रान पिंजत पुढे सरकायची आणि बिथरलेलं जनावर पळत पळत मचाणावरच्या बंदुकीसमोर यायचं. दांडेलीपासून कोल्हापूरपर्यंतच्या म्हाताऱ्या माणसांनी हे निदान ऐकलेलं तरी असतं. अमेरिकेत रानटर्कीची वसंत ऋतूतली शिकार मात्र याच्या बरोबर उलटी चालते. तिथं जनावराला मागून हाकलत नाहीत, समोरून हाक मारतात. शिकारी पहाटेच्या अंधारात झाडाच्या बुंध्याला पाठ टेकून बसतो, मादीचा आवाज काढतो आणि मग गप्प राहतो. सगळं जमून आलं तर सात ते अकरा किलोचा नर पिसारा फुलवत आपल्या पायांनी चालत त्याच्यापर्यंत येतो.

प्रश्न साधा आहे. हा पक्षी मूर्ख नाही. त्याची नजर इतकी तेज आहे, की शिकाऱ्यानं नाक खाजवायला हात उचलला तरी तो पसार होतो. मग इतका सावध पक्षी लाकडाच्या डबीतून निघालेल्या आवाजाला भुलतो कसा? आणि अनेकदा भुलत नाही, तो का?

अमेरिकेत मुलं-सुना असलेल्या घरांना हा पक्षी आता फोटोंमुळे माहीत आहे. बोस्टनच्या आसपासच्या वस्त्यांमध्ये रानटर्कीचे थवे रस्ता ओलांडताना, गाड्यांच्या चकचकीत दारांवर चोची मारताना सर्रास दिसतात. पण पश्चिम किनाऱ्याशी त्याची ओळख त्याहून कितीतरी जुनी आहे. टर्की मूळचा उत्तर अमेरिकेचा. मेक्सिकोत माणसाळवलेले टर्की स्पॅनिश लोकांनी सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला युरोपात नेले आणि पुढे पोर्तुगीजांच्या जहाजांतून ते गोव्याला पोचले. १६१२ मध्ये जहांगीर बादशहाचा सरदार मुकर्रबखान गोव्यातून दुर्मीळ वस्तू आणि प्राणी विकत घेऊन दरबारात परतला, त्यात एक टर्की होता. त्याच्या डोक्या-मानेचे रंग घटकेत लाल, घटकेत पांढरे, घटकेत निळे होतात याचं बादशहाला इतकं नवल वाटलं, की त्यानं आपल्या आठवणींत ते लिहून ठेवलं आणि चित्रकार मन्सूरकडून पक्ष्याचं चित्र काढून घेतलं. ते चित्र आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. पोर्तुगीज भाषेत या पक्ष्याला ‘पेरू’ म्हणतात. आपण पेरू म्हटलं की मीठ-तिखट शोधतो, तो भाग वेगळा.

कान दिसत नाही, पण असतो

टर्कीच्या डोक्यावर पिसं जवळपास नसतात, त्यामुळे कान शोधणं सोपं जातं. डोळ्याच्या मागं, थोडं खाली एक बारीक भोक. आपल्यासारखी कानाची पाळी नाही. पाळी आवाज गोळा करते आणि तो वरून आला की खालून, पुढून आला की मागून, याचा अंदाज द्यायला मदत करते. ती नसताना पक्षी काय करतो? डोकं हलवतो. मान वळवून, तिरकी करून तोच आवाज दोन-तीन कोनांतून ऐकतो.

दिशा ओळखायचं मूळ गणित मात्र आपल्यासारखंच आहे. उजवीकडून आलेला आवाज उजव्या कानात आधी पोचतो, डाव्यात किंचित उशिरा. माणसाच्या डोक्याची रुंदी मोठी, तरी हा फरक सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी असतो. टर्कीचं डोकं तर मुठीत मावेल एवढं, म्हणजे फरक आणखी बारीक. इथं पक्ष्यांकडे एक जादा सोय असते. त्यांच्या दोन्ही कानांच्या आतल्या पोकळ्या कवटीतून हवेच्या वाटेनं एकमेकींना जोडलेल्या असतात. त्यामुळे कानाच्या पडद्यावर बाहेरून आणि आतून, दोन्हीकडून आवाजाचा दाब पडतो आणि दिशेचा तो बारीक फरक ठळक होतो.

व्यवहारात याचा परिणाम असा, की दाट झाडीत दोन-तीनशे मीटरवरून दोन हाका दिल्या आणि शिकारी गप्प बसला, तरी अर्ध्या तासानं नर नेमका त्याच झाडापाशी येऊन उभा राहतो. अमेरिकी शिकाऱ्यांचा हा नेहमीचा अनुभव आहे. आवाज कुठून आला हे त्याला कळलेलं असतं. पुन्हा पुन्हा हाक मारून पत्ता सांगायची गरज नसते. नवशिके मात्र उत्साहाच्या भरात सारखे वाजवत बसतात.

कुठले सूर ऐकू येतात? पक्ष्यांचा कान साधारणपणे एक ते चार हजार हर्ट्‌झच्या पट्ट्यात सर्वांत तल्लख असतो. मादीच्या बहुतेक हाकांचा जोर याच पट्ट्यात किंवा त्याच्या जवळपास असतो. आपणही याच पट्ट्यात चांगलं ऐकतो, म्हणून तर माणसाला ती नक्कल जमते. वटवाघळाची नक्कल कुणाला जमली नसती, कारण मुळात त्याची हाक आपल्याला ऐकूच येत नाही.

आणखी एक गोष्ट जाता जाता. आतल्या कानातल्या ज्या सूक्ष्म केसपेशींमुळे ऐकू येतं त्या माणसात एकदा मेल्या की परत येत नाहीत. म्हातारपणी बहिरेपण येतं, फटाक्यानं कान कायमचा जातो, तो यामुळेच. पक्ष्यांत त्या पुन्हा उगवतात. कोंबडीच्या पिल्लांवर आणि लाव्यांवर काम करणाऱ्या संशोधकांना १९८०च्या दशकात हे आढळलं. म्हातारा नर ऐकायला कमी येत नाही म्हणून सावध राहतो की अनुभवामुळे, हा वाद शिकाऱ्यांनी घालावा. आपल्या आजोबांना ही सोय नाही एवढं खरं.

हाकांची भाषा

ज्यांच्या परसात कोंबड्या आहेत त्यांना हे समजावून सांगायला नको. दाणा सापडल्यावर कोंबडी पिल्लांना बोलावते तो आवाज वेगळा, घार दिसल्यावरचा वेगळा, अंडं घातल्यावरचा गलका वेगळा आणि खुडूक बसलेल्या कोंबडीजवळ हात नेल्यावरचा तर अगदीच वेगळा. टर्की याच कुळातला, म्हणजे कोंबडी, मोर, तित्तर यांच्या गोतावळ्यातला. त्याच्याकडेही असाच शब्दसंग्रह आहे, आणि मोठा आहे.

मादीची मुख्य हाक म्हणजे ‘येल्प’. सहा-सात तुटक, कर्कश स्वर, साधारण सारख्या अंतरानं. ‘मी इथं आहे, तू कुठं आहेस?’ असा त्याचा अर्थ. ‘क्लक’ हा एकेकटा छोटा आवाज, जवळच्या पक्ष्याचं लक्ष वेधणारा. हेच क्लक जोरानं आणि भरभर आले की मादी चिडलेली किंवा उतावीळ आहे असं समजायचं. शांतपणे चरताना मांजरासारखी बारीक घरघर चालू असते. आणि ‘पट्’ असा एकच टणक आवाज आला की खेळ संपला. तो धोक्याचा इशारा. क्लक आणि पट् यांत आपल्या कानाला फरक फार थोडा वाटतो. टर्कीच्या कानाला तो जगण्या-मरण्याचा आहे.

नराची हाक प्रसिद्ध आहे. इंग्रजीत तिला ‘गॉबल’ म्हणतात. बाटलीतून पाणी भडाभडा ओतावं तसा खळाळणारा आवाज. शांत सकाळी दीडेक किलोमीटरवरून ऐकू येतो. नर रात्री झाडावर रातथाऱ्याला असतो. उजाडायच्या सुमारास तो फांदीवरूनच गॉबल सुरू करतो, मग खाली उतरतो. जवळ मादी असेल तर पिसारा फुलवून तो छातीतून एक खोल घुमारा काढतो. तो इतका खर्जातला असतो, की अनेक माणसांना तो ऐकू येण्याऐवजी छातीत जाणवतो.

या सगळ्या हाकांची नक्कल करायची साधनं माणसानं फार पूर्वी शोधली. मूळ अमेरिकी लोक टर्कीच्याच पंखाच्या पोकळ हाडांतून हवा ओढून मादीचा आवाज काढत. मेलेल्याच्या हाडातून जिवंताला बोलावणं. पाटीच्या दगडावर काडी घासून तोच आवाज निघतो. शाळेच्या पाटीवर पेन्सिल करकरली की अंगावर काटा यायचा, तो आवाज थोडा ताब्यात आणला की झालं. १८९७ मध्ये आर्कान्सास राज्यातल्या हेन्री गिब्सन यांनी लाकडी डबीचं पेटंट घेतलं. पातळ भिंतींची लांबट डबी, वर एका टोकाला खिळलेलं झाकण, झाकण काठावर घासलं की येल्प. आजही तीच रचना चालते. तोंडात टाळूला चिकटवायची रबराची पातळ पट्टीही असते. ती शिकायला अवघड, पण हात मोकळे राहतात.

आता गंमत अशी, की खऱ्या मादीचा आवाज पुष्कळदा बेसूरच असतो. एकीचा घोगरा, दुसरीचा किनरा, तिसरीचा मध्येच फाटणारा. रानात रोज इतके वेगवेगळे आवाज ऐकणारा नर एखाद्या नेमक्या सुरावर अडून बसू शकत नाही. त्याला ओळख पटते ती लयीवरून. दोन स्वरांतलं अंतर, किती स्वरांनंतर थांबणं, आवाजाचा चढ-उतार हे बरोबर असेल तर सूर थोडा इकडेतिकडे झाला तरी चालतो. भजनात पेटी बेसूर असली तरी टाळ ठेक्यात असले तर मंडळी डोलतात, तसंच.

घुबड, ढगांचा गडगडाट, गाडीचं दार

नर ओ देतो म्हणजे तो फसलाच असं नाही. हा फरक समजून घेतल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

वसंतात नराच्या अंगात संप्रेरकांचा जोर इतका असतो, की कुठलाही अचानक, मोठा आवाज आला की त्याच्या तोंडून गॉबल निसटतो. घुबड घुमलं, कावळा ओरडला, ढग गडगडला, कुणी गाडीचं दार आपटलं, आगगाडीची शिट्टी झाली, की गॉबल. आपल्याकडे मोराचं हेच आहे. ढग गडगडल्यावर तो ओरडतो तसा लग्नाच्या वरातीतल्या फटाक्यालाही ओरडतो. त्याला फटाका म्हणजे मोर वाटत नाही. आवाजानं त्याच्या आतला खटका पडतो, इतकंच.

जर्मन संशोधक मार्ग्रेट श्लाइट यांनी १९५४ मध्ये याच विषयावर निबंध प्रसिद्ध केला. कशानं गॉबल निघतो आणि कशानं नाही, याची त्यांनी पद्धतशीर तपासणी केली. पुष्कळ निरनिराळे आवाज हे काम करतात असं दिसलं.

शिकारी याचा उपयोग हुशारीनं करतात. ते पहाटे आधी घुबडाची नक्कल करतात. नर ओ देतो आणि स्वतःचा ठावठिकाणा सांगून बसतो. पण घुबडाकडे तो चालत येणार नाही. त्यासाठी मादीच हवी.

उलटी रीत

इथं खरी मेख आहे. रानात नर मादीकडे जात नाही. तो गॉबल करतो, पिसारा फुलवून उभा राहतो आणि मादी त्याच्याकडे येते. शिकारी मादीचा आवाज काढून म्हणतो, ‘मी इथं आहे, तू ये.’ म्हणजे तो नराला रीत मोडायला सांगतो. कितीतरी नर त्यामुळेच ओ देतात, पुन्हा पुन्हा देतात आणि जागचे हलत नाहीत. त्यांच्या दृष्टीनं त्यांनी उत्तर दिलेलं आहे, आता पाऊल मादीनं उचलायचं.

मग तो येतो कधी? एक म्हणजे त्याच्याजवळ खऱ्या माद्या नसतील तेव्हा. मादी दहा-बारा अंडी घालते आणि मग सुमारे २८ दिवस उबवायला बसते. एकेक मादी घरट्यावर बसू लागली की नर एकटा पडतो, आणि एकटा पडलेला नर चालायला तयार होतो. दुसरं म्हणजे हाक मारणारी मादी अचानक गप्प झाली तर. म्हणून मुरलेला शिकारी नरानं दोन-तीनदा ओ दिल्यावर हाक बंद करतो. गेली की काय, या विचारानं म्हणा किंवा नुसत्या सवयीनं म्हणा, नर शोधायला निघतो. तिसरा प्रकार मला सगळ्यांत मजेशीर वाटतो. नराबरोबर असलेली मुख्य मादी चिडते. ही कोण नवी? असं म्हणत ती आवाजाच्या रोखानं तरातरा येते आणि नर तिच्या मागून.

निघालेला नरही शेवटपर्यंत येईलच असं नाही. साठ-सत्तर मीटरवर तो थांबतो, मान उंच करतो आणि बघतो. कानानं पत्ता दिला आहे, आता डोळा पडताळणी करतोय. एवढ्या अंतरावरून मादी दिसायला हवी. दिसत नाही. मग तो तिथंच येरझाऱ्या घालतो आणि निघून जातो. छऱ्याची बंदूक पस्तीस-चाळीस मीटरच्या पुढं उपयोगाची नाही. त्यामुळे जाणते शिकारी अशा जागी बसतात, जिथं चढ किंवा वळण आहे. मादी दिसावी इतक्या जवळ नर येईल तेव्हा तो बंदुकीच्या टप्प्यातही आलेला असेल, असा हिशेब. किंवा ते समोर रबराची नकली मादी ठेवतात.

डोळ्याला किती थोडं पुरतं, हे १९५०च्या दशकात पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठात मार्टिन शाइन आणि एडगर हेल यांनी पाळीव टर्कींवर तपासलं. त्यांनी भुसा भरलेल्या मादीचे एकेक अवयव काढून टाकले. पाय नाहीत, पंख नाहीत, शेवटी धडही नाही. काठीवर बसवलेलं नुसतं डोकं उरलं, तरी नर पिसारा फुलवून प्रणयाराधन करत राहिला. उलट डोकं नसलेल्या धडाला तो फारसा भुलला नाही. सावध, तीक्ष्ण नजरेचा म्हणावा तोच हा पक्षी. त्याची नजर धोका शोधायला फार तरबेज आहे. जोडीदार ओळखायला मात्र तो एक-दोन खुणांवर भागवतो.

बहिरी आई

आवाजावर या पक्ष्याचं किती अवलंबून आहे, ते शिकारीपेक्षा दुसऱ्याच एका प्रयोगातून जास्त कळतं. वाचायला तो सुखाचा नाही.

१९६० मध्ये वोल्फगांग श्लाइट, मार्ग्रेट श्लाइट आणि त्यांच्या सहकारी माग यांनी बहिऱ्या केलेल्या टर्की माद्यांचं निरीक्षण प्रसिद्ध केलं. या माद्यांनी अंडी घातली, नीट उबवली. त्यात काही कमी-जास्त नव्हतं. पिल्लं बाहेर आली आणि आईनं त्यांना टोचून टोचून मारलं.

कारण असं, की घरट्यावर बसलेली टर्की जवळ हलणाऱ्या कुठल्याही लहान केसाळ-पिसाळ गोष्टीवर तुटून पडते. उंदीर, मुंगसासारखे प्राणी अंडी आणि पिल्लं खातात, तेव्हा हे योग्यच आहे. तिला थांबवणारी एकच गोष्ट असते, पिल्लाची चिवचिव. ती ऐकू आली की हल्ला थांबतो आणि माया सुरू होते. कान नसलेल्या आईला पिल्लू समोर दिसत होतं, पण ते पिल्लू आहे हे तिला कळायला मार्गच नव्हता. याच्या उलटही करून पाहिलं गेलं आहे. मुंगसासारख्या शत्रूचा भुसा भरलेला पुतळा जवळ सरकवला तर मादी त्याच्यावर चवताळून जाते. त्याच पुतळ्यात पिल्लाची चिवचिव वाजवणारा ध्वनिक्षेपक ठेवला तर ती त्याला पंखाखाली घ्यायला तयार होते.

हे वाचून टर्कीला बावळट ठरवण्याचा मोह होतो. मला तो अन्याय वाटतो. दाट झुडपात, अंधारात, वर्षानुवर्षं चिवचिव म्हणजे पिल्लू आणि येल्प म्हणजे मादी हे समीकरण खरं ठरत आलं. रानात खोटी चिवचिव करणारा कुणी नव्हताच. माणूस आला आणि त्यानं नेमका तोच परवलीचा शब्द चोरला. बँकेच्या नावानं येणाऱ्या फोनवर ओटीपी सांगून बसणारी शिकली-सवरलेली माणसं आपल्याच गावात आहेत. आवाज ओळखीचा वाटला की आपणही तपासत नाही.

शरद ऋतूतल्या शिकारीत तर पिल्लांच्याच हाकेचा वापर होतो. वसंतात जन्मलेली पिल्लं तोवर मोठी झालेली असतात, पण थव्यानं राहतात. शिकारी किंवा त्याचा कुत्रा थव्यात घुसून पक्ष्यांची पांगापांग करतो. मग शिकारी तिथंच बसून हरवलेल्या पिल्लाची ‘की-की’ अशी शीळ घालतो किंवा आईची हाक देतो, आणि पांगलेले जीव एकमेकांना शोधत परततात. कित्येक शिकाऱ्यांना वसंतातली शिकार श्रेष्ठ वाटते. मलाही शरदातला हा प्रकार वाचताना जड गेलं, हे सांगितलेलं बरं.

रान गप्प होतं तेव्हा

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बेसुमार शिकार आणि जंगलतोड यांमुळे रानटर्की बऱ्याच राज्यांतून नाहीसा झाला होता. पाळीव टर्की रानात सोडून पाहिले, ते जगले नाहीत. १९५०च्या दशकापासून तोफेसारखं उडणारं जाळं टाकून रानटी पक्षी जिवंत पकडायचे आणि रिकाम्या जंगलांत सोडायचे, ही पद्धत आली आणि ती फळली. आज अलास्का सोडून सगळ्या राज्यांत रानटर्की आहे आणि संख्या काही लाखांत, साठ लाखांच्या आगेमागे, सांगितली जाते. या कामाला पैसा मोठ्या प्रमाणात शिकार परवान्यांतून आणि बंदुका-काडतुसांवरच्या करातून आला, हेही खरं आहे.

पण आग्नेयेकडच्या राज्यांत गेली काही वर्षं संख्या पुन्हा घसरते आहे. जॉर्जिया विद्यापीठातले मायकेल चेंबरलेन आणि त्यांचे सहकारी जंगलात ध्वनिमुद्रण यंत्रं लावून नरांचे गॉबल मोजतात. शिकार चालते त्या जंगलांत हंगाम सुरू झाला की गॉबल कमी होतात. शिकार नसलेल्या जंगलात तशी घट दिसत नाही. सगळ्यांत जास्त ओरडणारे नर आधी मारले जातात हे एक कारण. उरलेले जपून ओरडतात हे दुसरं. आणि माद्या अजून जोडीदार निवडत असतानाच नर मारले गेले तर पुढच्या पिढीवर काय परिणाम होतो, हा खरा काळजीचा मुद्दा आहे. जॉर्जिया आणि अलाबामा या राज्यांनी २०२२ मध्ये हंगाम उशिरा सुरू केला आणि माणशी किती नर मारायचे ती मर्यादा कमी केली. अलाबामानं त्याच वर्षी हंगामाच्या पहिल्या दहा दिवसांत नकली पक्षी ठेवायला बंदी घातली. ध्वनिमुद्रित हाका वाजवून टर्की मारायला बहुतेक राज्यांत आधीपासूनच मनाई आहे. हाताने किंवा तोंडाने आवाज काढा, पण स्पीकर नको.

हा नियम मला सगळ्यात अर्थपूर्ण वाटतो. डबी वाजवणारा माणूस दमतो, चुकतो, त्याची लय बिघडते. त्या चुकीत पक्ष्याला निसटायची फट असते. स्पीकर दमत नाही.

आणि आपल्याकडे

आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकारीला बंदी आहे. कायद्यातली शिकारीची व्याख्या नुसत्या गोळीपुरती नाही. पकडणं, फासे लावणं, हाकणं, आमिष दाखवणं हे सगळं त्यात येतं. तरी हाकेची जुनी कला इथंही होतीच. माळावर पिंजऱ्यातला पाळीव तित्तर, काही भागात त्याला चितूर म्हणतात, ओरडायला लावायचा आणि भोवती फासे मांडायचे. फरक असा, की टर्कीचा नर मादीच्या ओढीनं येतो, तर तित्तराचा नर येतो तो रागानं. माझ्या हद्दीत हा परका कोण, म्हणून भांडायला.

आज फासे नसलेले लोकही हेच करतात, मोबाइलवर. गोव्याच्या आणि खानापूर-दांडेलीच्या जंगलांत नवरंग किंवा बेडूकतोंड्याचा फोटो हवा म्हणून त्याच पक्ष्याची हाक स्पीकरवर लावली जाते. पक्षी येतो. तो फोटोसाठी आलेला नसतो. त्याच्या हद्दीत न दिसणारा प्रतिस्पर्धी घुसला आहे असं त्याला वाटत असतं. तो चारा शोधणं सोडतो, घरटं सोडतो, ओरडत फिरतो, आणि प्रतिस्पर्धी काही सापडत नाही. एक गट जातो, तासाभरानं दुसरा येतो, तीच ध्वनिफीत पुन्हा. नवरंग आपल्याकडे पावसाळ्याच्या तोंडाशी वीण करायला येतो, म्हणजे फोटोवाल्यांची गर्दी आणि त्याची अंडी-पिल्लं एकाच वेळी.

जुनेजाणते पक्षीनिरीक्षक विणीच्या दिवसांत हाक वाजवतच नाहीत. नवरंगासाठी ते पहाटे आणि सांजेला झाडाखाली नुसते बसून राहतात. त्या दोन वेळांना तो आपणहून दोन सुरांची शीळ घालतो, आणि ती कुठून आली हे कळायला माणसाचे दोन कान पुरतात.